शोधनिबंधातील संदर्भरचना

शोधनिबंधात दुसऱ्याच्या निष्कर्षाचा, पद्धतीचा किंवा आकडेवारीचा आधार घेतला की त्याची नोंद दोन ठिकाणी करावी लागते. मजकुरात त्या विधानापाशी एक छोटी खूण येते आणि निबंधाच्या शेवटी संदर्भसूचीत पूर्ण तपशील येतो. या दोन्ही नोंदी नियतकालिकाने ठरवलेल्या साच्यात बसवणे म्हणजे संदर्भरचना. प्रत्येक खुणेला सूचीत नोंद हवी आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी वापरलेली हवी, एवढा नियम जवळपास सगळीकडे सारखा आहे. स्वल्पविराम कुठे, वर्ष आधी की शेवटी, कोणता आकडा ठळक, हे नियतकालिकागणिक बदलते.

खुणांच्या दोन पद्धती मुख्य आहेत. पहिली लेखक-वर्ष पद्धत; तिच्यात कंसात आडनाव आणि प्रकाशनवर्ष देतात. हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली एका कवचहीन गोगलगायीच्या अंड्यांवर लिहिलेल्या निबंधात ती दिसते, म्हणून तिला हार्वर्ड पद्धत म्हणतात. या नावाची एकच अधिकृत नियमपुस्तिका मात्र नाही, त्यामुळे ‘हार्वर्ड शैली वापरा’ एवढीच सूचना मिळाली तर त्या नियतकालिकाचा ताजा अंक उघडून पाहण्याला पर्याय नसतो. मानसशास्त्रात रुळलेली एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) शैली याच पद्धतीची. तिचा उगम १९२९ साली छापलेल्या अवघ्या सात पानी सूचनांत आहे.

दुसरी क्रमांक पद्धत. संदर्भ ज्या क्रमाने मजकुरात येतात त्या क्रमाने त्यांना आकडे मिळतात. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि हस्तलिखितांचे समान नियम ठरवले. ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले आणि शैलीला शहराचे नाव चिकटले. त्या गटातूनच पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. तिचा एक नियम अनेकांच्या नजरेतून निसटतो : एखादा संदर्भ फक्त तक्त्यात किंवा आकृतीखालच्या मजकुरात येत असेल, तर तो तक्ता वा आकृती मजकुरात पहिल्यांदा जिथे उल्लेखली असेल, तिथल्या क्रमाने त्याला आकडा द्यायचा.

क्रमांक पद्धतीत वाक्य मोकळे राहते आणि जागाही वाचते. पण तिच्यात चूक लपते. १७ ऐवजी १८ पडले तर लेखकाच्या डोळ्यांना काहीच खटकत नाही; कंसात भलतेच आडनाव आले तर त्या विषयातला वाचक लगेच थबकतो. उलट लेखक-वर्ष पद्धतीत एका वाक्याला पाच-सहा आधार जोडले की वाक्यापेक्षा कंसच लांब होतो.

सूचीतली नोंद शैलीप्रमाणे किती बदलते, हे वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएच्या रचनेवरील निबंधावरून दिसेल. तो ‘नेचर’ या नियतकालिकाच्या १७१व्या खंडात ७३७ आणि ७३८ या पानांवर १९५३ साली छापला गेला. व्हँकुव्हर शैलीत आद्याक्षरे टिंबांशिवाय आडनावाला लागून येतात, वर्षापुढे अर्धविराम, मग खंड, आणि पाने ‘७३७-८’ अशी आखडून. एपीएत वर्ष लेखकांच्या नावांनंतर लगेच कंसात, आद्याक्षरांना टिंबे आणि पाने पूर्ण. खुद्द ‘नेचर’च्या शैलीत खंड ठळक आणि वर्ष सर्वांत शेवटी कंसात. भौतिकशास्त्रातली काही नियतकालिके तर निबंधाचे शीर्षकच गाळत आली. माहिती तीच, मांडणी निराळी, आणि या फरकांमागे शास्त्रीय कारण शोधण्यात फारसा अर्थ नाही. ते छापखान्यांच्या आणि संपादकांच्या सवयींतून आले आहेत.

लेखक जास्त असले तर किती नावे द्यायची, यावरही एकमत नाही. व्हँकुव्हर शैलीत सहसा पहिली सहा नावे देऊन ‘आणि इतर’ लिहितात. ‘नेचर’मध्ये सहा किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याचेच नाव राहते. एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने ही मर्यादा वीसपर्यंत नेली. नियतकालिकांच्या नावांची संक्षिप्त रूपे मात्र मनाने बनवायची नसतात. आयएसओ ४ हे मानक आणि त्यासोबतची शब्दसूची त्यासाठी आहे. ‘नेचर’ किंवा ‘सेल’सारखी एकशब्दी नावे आखडत नाहीत.

नावांचा प्रश्न अधिक अवघड आहे. आडनाव शेवटी असते हे गृहीतक सर्वत्र चालत नाही : स्पॅनिश लेखकांची दोन आडनावे असतात, चिनी नावात घराण्याचे नाव आधी येते, आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्या अर्थाचे आडनावच नसते. मग एकाच संशोधकाचे निबंध दोन नावांखाली विखुरतात. २०१२ पासून मिळणारा ऑर्किड हा संशोधकाच्या ओळखीचा कायमचा क्रमांक यासाठीच आहे.

२००० पासून प्रचारात आलेल्या डीओआयने, म्हणजे प्रत्येक निबंधाला मिळणाऱ्या डिजिटल ओळख-क्रमांकाने, संदर्भाचे बरेच ओझे उचलले. १० या आकड्याने सुरू होणारी ही कायमची ओळख, तिच्यातल्या १०.१०३८ या भागावरून ती ‘नेचर’च्या प्रकाशकाकडची आहे हे कळते. संकेतस्थळ हलले तरी प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवली की दुवा तुटत नाही. पाने आखडली की नाही याने आज वाचकाचे काही अडत नाही. डीओआयमधला एक आकडा चुकला तर अडते.

साचा बदलण्याचे काम आता सॉफ्टवेअर करते. लेटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांसाठी १९८५ मध्ये संदर्भसूची तयार करणारे बिबटेक आले; एंडनोट आणि २००६ पासूनचे विनामूल्य झोटेरो वर्डसोबत चालतात. पण आत भरलेली माहिती जशी असेल तशीच बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेचे इंग्रजी नाव व्यक्तीच्या रकान्यात गेले की ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ असा लेखक जन्माला येतो. प्रजातींच्या नावांचा तिरपा ठसा उडतो, बिबटेकमध्ये महिरपी कंस विसरले की शीर्षकातल्या विशेषनामांची मोठी अक्षरे लहान होतात. तयार सूची ओळीओळीने वाचावीच लागते.

चुका पसरतात त्या नकलेतून. सिमकिन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी २००३ साली एका गाजलेल्या निबंधाचे इतर लेखांत आलेले सुमारे ४३०० संदर्भ तपासले. १९६ ठिकाणी छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका ४५च. त्यांतली एक तर ७८ वेळा तशीच उतरली होती. मूळ निबंध वाचणारे साधारण २० टक्केच असावेत, असा त्यांचा अंदाज. तो कडक वाटतो, कारण निबंध वाचूनही नोंद दुसरीकडून उचलणारे असतातच. याहून मासलेवाईक प्रकार एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या नमुना-साच्यातला : तिथे उदाहरण म्हणून दिलेला, अस्तित्वातच नसलेला निबंध शेकडो प्रकाशित लेखांच्या सूचीत जाऊन बसला. चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांकडून संदर्भ लिहून घेतल्यास निर्दोष साच्यातले, पण कधीच न लिहिलेले निबंध मिळू शकतात.

अनेक नियतकालिके आता पहिल्या सादरीकरणात कोणतीही सुसंगत शैली चालवून घेतात आणि स्वीकृतीनंतर स्वतःचा साचा लावतात. त्या टप्प्यावर नोंदी डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या नोंदवहीशी ताडल्या जातात आणि जी जुळत नाही तिच्याबद्दल मुद्रितशोधनाच्या प्रतीत लेखकाला प्रश्न विचारला जातो. मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेतल्यापासून ती तपासणीही त्याच ठिकाणी करता येते.