घडीच्या चाकूला खिशाची क्लिप बसवणे

मिटलेला चाकू खिशाच्या काठाला अडकून राहावा म्हणून मुठीवर बसवलेली स्प्रिंगदार धातूची पट्टी म्हणजे खिशाची क्लिप. पेनाच्या टोपणाला असते त्याच जातीची. आज बहुतेक नव्या घडीच्या चाकूंवर ती कारखान्यातूनच लागून येते. जुन्या घडणीच्या चाकूंवर ती नसते, आणि ज्यांना असा चाकू रोज वापरायचा असतो ते ती मागाहून बसवून घेतात.

क्लिप रूढ झाली ती १९८१ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावच्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ नावाचा चाकू क्लिपसह बाजारात आणला. त्याआधी घडीचा चाकू एक तर किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशाच्या तळाशी पडून असे, नाही तर पट्ट्याला अडकवलेल्या चामडी म्यानात.

म्यानात राहणाऱ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेतल्या बक कंपनीचा ‘११० फोल्डिंग हंटर’. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेल्या या चाकूचे पाते ९.५ सेंमी, मिटल्यावर लांबी सुमारे १२.४ सेंमी आणि वजन २०० ग्रॅमच्या आसपास. मुठीची दोन्ही टोके भरीव पितळेची, मध्ये काळसर लाकूड, पाठीवर उघडलेले पाते अडवून धरणारा खटका. वजन इथे मुद्दाम सांगितले, कारण क्लिपचा विचार तिथूनच सुरू होतो. एवढा चाकू जाड जीन्सच्या खिशाला पेलतो. पातळ सुती पँटचा खिसा मात्र त्याच्या भाराने एका बाजूला ओढला जातो आणि काठ लवकर विरतो.

भोक कुठे पाडायचे हा या कामातला खरा निर्णय. लाकडात बारीक आटे टिकत नाहीत आणि कडेला तडा जाण्याची भीती असते, म्हणून स्क्रू पितळेतच घ्यावे लागतात. पुढच्या पितळी टोकाच्या आत पात्याचे बूड फिरते. तिथे स्क्रू पलीकडे निघाला तर तो पात्यावर घासतो. मागच्या टोकाजवळ खटक्याची स्प्रिंग आणि तिचे रिव्हेट असते, आणि खटका दाबण्याची खाचही पाठीवर मागेच आहे. क्लिपचा वाक त्या खाचेवर आला तर चाकू मिटताना अंगठ्याला जागा उरत नाही. तरीही मागचे टोकच अधिक सोयीचे. मात्र आधी पितळेची जाडी मोजावी आणि भोक आरपार जाऊ देऊ नये.

अमेरिकेत सुट्या मिळणाऱ्या क्लिपांबरोबर बहुधा २-५६ मापाचे स्क्रू येतात, म्हणजे इंचाला ५६ आटे. त्यासाठी सुमारे १.८ मिमीचे भोक लागते. मेट्रिक एम२ स्क्रू घेतला तर १.६ मिमीचे. पितळ मऊ असले तरी त्याची एक खोड आहे. धारदार ड्रिल त्यात कापत जाण्याऐवजी एकदम आत ओढले जाते. म्हणून अनुभवी कारागीर ड्रिलची कापणारी कड दगडावर किंचित बोथट करून घेतात. चाकू शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडताना दोन्ही बाजूंना लाकूड किंवा चामडे द्यावे, नाही तर पितळेवर वळ उठतात. भोक बंद असल्याने शेवटचे आटे सपाट टोकाच्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) पाडावे लागतात. काम झाल्यावर पितळेचा कीस फुंकून, धुऊन पूर्ण काढायचा. त्याचा एखादा कण खटक्याच्या खाचेत राहिला तर खटका पुरता बसत नाही, आणि खटका अर्धवट बसला तर पाते बोटांवर मिटू शकते. या कामात याहून मोठा धोका नाही.

क्लिप मागच्या टोकाला लावली की मिटलेल्या पात्याचे अणकुचीदार टोक खिशात वरच्या बाजूला राहते, पुढच्या टोकाला लावली तर खाली. टोक वर असताना पाते जरासे जरी उघडले तरी खिशात शिरणाऱ्या हाताला ते लागेल. ‘११०’ ची स्प्रिंग पाते घट्ट मिटून धरते, त्यामुळे ही भीती कमी. शिवाय मुठीची उघडी बाजू खिशाच्या मागच्या शिवणीकडे ठेवली तर ती शिवणच पात्याला अडवते. उजव्या हाताने वापरणाऱ्याची क्लिप मूठ धरल्यावर तळहातात येते. बराच वेळ लाकूड सोलताना ती नेमकी तिथेच टोचते, म्हणून तिच्या कडा कानशीने गोल कराव्यात. आणखी एक गोष्ट आधीच ओळखून असावी: ‘११०’ ला पाते उघडायला नखाची खाच आहे, त्यामुळे क्लिपने चाकू एका हाताने बाहेर येतो, पण उघडायला दोन हात लागतातच.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल हा १८९० पासूनचा चाकू वेगळीच अडचण उभी करतो. त्याची मूठ अखंड लाकडाची, गोलसर आणि पात्यासाठी लांब चीर पाडलेली. भरीव लाकूड फक्त मागच्या टोकाला उरते, आणि सपाट क्लिप बसण्यासाठी ती गोलाई थोडी तासावी लागते. स्विस आर्मी चाकूचे काम सर्वांत सोपे. त्याच्या बाहेरच्या प्लास्टिक पट्ट्या दाबून बसवलेल्या असतात. त्या काढून क्लिप असलेल्या पट्ट्या लावता येतात आणि जुन्या जपून ठेवता येतात.

जुन्या, वाडवडिलांकडून आलेल्या किंवा संग्रहातल्या चाकूला भोक पाडू नये असेच या नोंदीचे स्पष्ट मत आहे. पाडलेले भोक मागे घेता येत नाही. अशा चाकूसाठी खिशात बसेल असे पातळ चामडी म्यान शिवून क्लिप त्या म्यानालाच लावावी. चाकू उपसला की म्यान खिशातच राहते आणि मुठीला काहीही होत नाही. तेवढेही नको असेल तर बक कंपनीनेच ‘११०’ ची क्लिप असलेली सडपातळ आवृत्ती काढली आहे.

क्लिप लावलेला चाकू चारचौघांत उठून दिसतो, त्यामुळे कायदाही पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी फक्त ३ इंचांपर्यंत पात्याचा, खटका नसलेला घडीचा चाकू बाळगता येतो. ‘११०’ दोन्ही अटींत बसत नाही, आणि तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तो खिशाला लावून बाहेर पडू नये. भारतात विमानतळावर कोणताही चाकू हातातल्या सामानात चालत नाही. खिशाच्या काठावरचा चाकू सवयीने विसरला जातो, म्हणून घरून निघतानाच तो काढून चेक-इन करायच्या मोठ्या बॅगेत टाकावा.