निसटती गाडी सावरणारी यंत्रणा: एबीएस ते ईएससी

नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर गाडी चढली की ताशी १२० ची मुभा असते. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. अशात एखादा रोही (नीलगाय) आडवा आला तर माणूस स्टिअरिंग झटक्यात वळवतो, लगेच उलटं फिरवतो आणि मागची चाकं सुटतात. नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यात एअरबॅग असतात. पण गाडी उलटूच नये म्हणून झटणाऱ्या यंत्रणेबद्दल, म्हणजे ईएससीबद्दल (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल), फारसं कुणी विचारत नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

सुरुवात विमानांपासून झाली. धावपट्टीवर चाकं जाम होऊ नयेत म्हणून डनलॉपची मॅक्सारेट यंत्रणा १९५० च्या दशकात वापरात आली. १९६६ मध्ये ती जेन्सन एफएफ या मोटारीत बसली. १९७८ मध्ये बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. करकचून ब्रेक दाबला तरी गाडी वळवता येऊ लागली. पण ब्रेक न दाबताच गाडी गरकन फिरली तर? त्यावर एबीएसकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर, म्हणजे ईएससी, बॉशमधल्या अँटन व्हॅन झांटेन यांच्या चमूने शोधलं आणि १९९५ मध्ये ते मर्सिडीजच्या गाडीत आलं. एक सेन्सर स्टिअरिंग किती वळलं ते पाहतो, दुसरा गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय ते. दोन्हींचा मेळ बसला नाही की संगणक एकाच चाकाचा ब्रेक लावतो. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, पुढचा भाग सरळच घसरत असेल तर आतलं मागचं. गरज पडली तर इंजिनाची ताकदही कमी करतो. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकतो, तो याच क्षणी. सतत पेटलेला राहिला तर मात्र यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे. आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर ब्रेक तरी कशावर पकड घेणार?

ही सोय महागड्या गाड्यांपुरती राहिली नाही, त्याला १९९७ ची घटना कारण ठरली. स्वीडनमध्ये अडथळा चुकवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीने त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ईएसपी (ईएससीचंच मर्सिडीजमधलं नाव) दिलं. पुढे अमेरिकेने आणि युरोपने कायदाच केला.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. ईएससी त्या सक्तीत नव्हतं. २०२३ च्या भारत एनसीएपीत (गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या चाचणीत) मात्र तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी लागतं.