बोधनशास्त्राचे अध्ययन-अध्यापन (नागपूर)

बोधनशास्त्र, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडचे कॉग्निटिव्ह सायन्स, हा मन माहिती कशी घेते, साठवते आणि वापरते याचा अभ्यास आहे. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र, चेताविज्ञान (मेंदू व मज्जासंस्थेचा अभ्यास), तत्त्वज्ञान व मानवशास्त्र यांच्या सीमेवर तो वाढला. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील परिसंवादात ११ सप्टेंबर १९५६ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभ्यासक न्यूवेल व सायमन, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचे विचार एकाच दिवशी मांडले गेले. मिलर यांनी तोच या शास्त्राचा जन्मदिवस मानला. भारतात अलाहाबाद विद्यापीठात २००२ मध्ये त्याचे केंद्र सुरू झाले.

नागपुरात या विषयाचे धागे विखुरलेले आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत संगणकशास्त्र, तर ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मेंदूची रचना व कार्य शिकवले जाते. प्रत्यक्ष (इंद्रियांनी होणारे ज्ञान) व अनुमान (तर्काने होणारे ज्ञान) यांची न्यायदर्शन या भारतीय तत्त्वज्ञानशाखेतील चर्चा वाचायची तर रामटेकचे संस्कृत विद्यापीठ जवळच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील मेजर-मायनर (मुख्य विषयासोबत दुय्यम विषय) रचनेमुळे हे धागे जुळवणे आता थोडे सोपे झाले आहे.

अध्यापनासाठी या शहराचे खरे भांडवल मात्र इथल्या भाषा. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी, हे इथल्या कितीतरी मुलांचे रोजचेच. मानसशास्त्रज्ञ जे. रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग त्यामुळे इथे फार बोलका होतो. ‘हिरवा’ हा शब्द पिवळ्या शाईत लिहायचा आणि वाचणाऱ्याने शब्द सोडून शाईचा रंग सांगायचा. वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की जीभ अडखळते आणि वेळ वाढतो. दुसरी यादी ‘हरा’, ‘पीला’ अशी हिंदीत करावी, उत्तर मात्र मराठीतच घ्यावे. ‘लाल’ दोन्ही भाषांत सारखाच, म्हणून तो वगळावा. तिसरी यादी इंग्रजीत ठेवली की लिपीही बदलते आणि भाषेचा परिणाम किती, लिपीचा किती, हा प्रश्न वर्गातच उभा राहतो. अशा प्रयोगांत दुसऱ्या भाषेचा शब्दही अडथळा आणतो, पण बहुधा त्याच भाषेतल्या शब्दाइतका नाही.

देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाआधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. वाचनप्रक्रियेच्या अभ्यासाला हा आयताच विषय आहे आणि इंग्रजी वाचनावर बेतलेल्या पाठ्यपुस्तकांतून तो सुटतो.

या प्रात्यक्षिकांना स्केचपेन आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरते. सहभागी व्यक्तीची संमती आधी घ्यावी, याद्यांचा क्रम दर व्यक्तीला बदलावा. नाहीतर सरावाने कमी झालेला वेळ भाषेच्या खात्यात जमा होतो.