फोटो शार्प आहे का, हे १०० टक्क्यांवरच कळतं

नवी मुंबईत ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगो टिपून आलेल्याच्या कार्डात शेकड्यांनी फोटो असतात, आणि लॅपटॉपवर पूर्ण फोटो पाहिला तर जवळपास सगळेच शार्प वाटतात. तसे ते नसतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. फुल एचडी स्क्रीन १९२० × १०८०. तो स्क्रीनवर मावण्यासाठी मूळचे सुमारे १४ पिक्सेल मिसळून एकच उरतो. दोन-तीन पिक्सेलची धूसरता त्यात जिरून जाते.

हे किती महागात पडतं? फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा, ६०० मिमी लेन्स, अपर्चर एफ ६.३, पक्षी ३० मीटरवर. सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतची धूसरता चालवून घेणाऱ्या नेहमीच्या निकषाने फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं अंतर शार्प मानता येतं तो पट्टा, साधारण ९५ सेंमी भरते. पण तो निकष पाच पिक्सेलएवढा सैल आहे. एका पिक्सेलचा निकष लावला की खोली उरते जेमतेम १९ सेंमी. फोकस पंखांवर बसला आणि मान पुढे झुकलेली असली, तर डोळा त्या पट्ट्याबाहेर गेलाच!

म्हणून १०० टक्के झूम, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यावर क्लिक करा, की तोच भाग १०० टक्क्यांवर उघडतो. झेड दाबून आत-बाहेर करता येतं. झूम तसाच ठेवून बाणाच्या कीने पुढे जा. व्ह्यू मेनूतलं ‘लॉक झूम पोझिशन’ चालू असेल तर प्रत्येक फोटोत तीच जागा समोर येते. बर्स्ट, म्हणजे सलग धडाधड टिपलेले फोटो, तपासताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. डार्कटेबल या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये लाइटटेबलवर (फोटो निवडायच्या पानावर) कंट्रोल-डब्ल्यू दाबून धरलं की फोकसमधला भाग खुणेने दिसतो, पण ती खूण इशारा समजा, निकाल नव्हे.

घाई मात्र नडते. झूम केल्यावर पहिला क्षणभर छोटा प्रीव्ह्यू ताणून दाखवला जातो, तो धूसर असणारच. ‘लोडिंग’ जाईपर्यंत थांबा. त्याहून बरं म्हणजे लाइटरूममध्ये इम्पोर्ट करतानाच १:१ (पूर्ण आकाराचे) प्रीव्ह्यू बनवायला लावा आणि जेवून या. स्मार्ट प्रीव्ह्यूची, म्हणजे लाइटरूम बनवतं त्या छोट्या प्रतीची, लांब बाजू जेमतेम २५६० पिक्सेल असते, त्यावर फोकस ठरवू नका. काही कॅमेऱ्यांच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलमध्ये दाखवण्यापुरता ठेवलेला जेपीईजीही लहान असतो. तो वापरणाऱ्या झटपट व्ह्यूअरमध्ये चांगला फोटोही मऊ दिसतो.

धूसर दिसलं की कारणही तिथेच शोधा. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका रेघेसारखा ओढला गेला असेल तर बोट किंवा पक्षी हलला. शटरचा वेग वाढवायला हवा होता. ठिपका गोल फुगलाय आणि पुढच्या पाण्याच्या लाटा कडक आहेत, तर फोकस पुढे पडला. आणि नवी मुंबईतल्याच सीवूड्सच्या काठावरून दुपारी घेतलेल्या लांबच्या फोटोंत काहीच कडक नसेल, कडा पाण्यासारख्या थरथरल्या असतील, तर तो तापलेल्या हवेचा दोष. महागडी लेन्स त्यावर इलाज नाही. सकाळी लवकर जाणं आणि जवळून टिपणं हाच इलाज.

लाइटरूममध्ये फोटो नाकारायची एक्स की दाबण्याआधी तो कुठे जाणार ते ठरवा. ए-३ प्रिंटला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. तिथे १०० टक्क्यांचाच निकाल मानायचा. इन्स्टाग्रामच्या १०८० पिक्सेल रुंदीसाठी न कापलेला फोटो ५० टक्क्यांवर ठीक दिसला तरी पुरे.