बेस्ट ऑफ काढायचा का अँथॉलॉजी? दोन्ही एकच नाहीत

सोलापुरात आमच्या मित्रांचा एक रॉक बँड आहे, वीस वर्षं झाली वाजवतायत, कधी कॉलेजच्या गॅदरिंगला, कधी कुणाच्या तरी गच्चीवर, आणि आता सगळ्यांच्या मनात आलंय की इतक्या वर्षांचं एकत्र करून एक अल्बम काढायचा. मागच्या रविवारी सात रस्त्याजवळ चहाला बसलो होतो, गिटारवाला म्हणाला "बेस्ट ऑफ काढू", ड्रमरअण्णा म्हणाले "अँथॉलॉजी काढू बे", आणि दोघं अर्धा तास भांडले. बाकीच्यांना कळेचना की भांडण कशावरून चाललंय, कारण त्यांच्या लेखी दोन्ही म्हणजे जुनी गाणी परत. बऱ्याच जणांना असंच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बेस्ट ऑफ किंवा ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे लोकांनी आधीच उचलून धरलेली गाणी एका जागी, निवड एका अर्थाने श्रोत्यांनीच करून ठेवलेली असते. ईगल्स या अमेरिकन बँडचं घ्या. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांचा १९७१ ते १९७५ मधल्या हिट गाण्यांचा अल्बम आला, फक्त दहा गाणी, आणि अमेरिकेत २०१८ पर्यंतच तो ३८ वेळा प्लॅटिनम झाला होता, तिकडे एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाखांचा खप. पण ज्या गाण्यामुळे आपल्याकडे गिटार शिकणारा प्रत्येक पोरगा ईगल्सला ओळखतो ते हॉटेल कॅलिफोर्निया त्यात नाहीच, कारण त्या गाण्याचा अल्बम त्याच वर्षी डिसेंबरात आला. म्हणजे बेस्ट ऑफ काढायला कारकीर्द पूर्ण व्हावी लागत नाही, बँड ऐन भरात असताना पण निघतो. क्वीन या ब्रिटिश बँडचंही तसंच, १९८१ चा ग्रेटेस्ट हिट्स ब्रिटनमधला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम आहे, पण फ्रेडी मर्क्युरी (त्यांचा गायक, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला) आणि मंडळी त्यानंतरही दहा वर्षं गात राहिली म्हणून १९९१ ला दुसरा भाग काढावा लागला.

अँथॉलॉजीचं काम वेगळं, तिथे गाणं गाजलं का नाही हा प्रश्नच दुसरा, पहिला प्रश्न हा की बँड इथपर्यंत आला कसा. फरक एकाच बँडमध्ये बघायचा असेल तर बीटल्ससारखं उदाहरण नाही. २००० साली त्यांचा 'वन' आला, २७ गाणी, नियम एकच, ब्रिटन किंवा अमेरिकेत एक नंबरला गेलेलं गाणं असलं की आत. निवडीवर डोकं खाजवायची गरजच नाही. त्याच्या आधी १९९५-९६ मध्ये अँथॉलॉजीचे तीन डबल अल्बम आले होते आणि त्यात घरी टेप केलेले तुकडे, चुकलेले टेक (टेक म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचा एकेक प्रयत्न), मध्येच थांबलेली गाणी, स्टुडिओतल्या गप्पा असं सगळं आहे. दुसऱ्या भागात स्ट्रॉबेरी फील्ड्स हे गाणं एकापाठोपाठ एक तीन अवस्थांत आहे, आधी डेमो म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, मग पहिला टेक, मग सातवा. ते सलग ऐकलं ना की गाणं तुमच्यासमोर वाढताना दिसतं, आणि हे कुठलाच हिट्सवाला अल्बम देऊ शकत नाही. मला स्वतःला म्हणूनच अँथॉलॉजी जास्त जवळची वाटते.

नावावर मात्र जाऊ नका. पिंक फ्लॉइड या बँडच्या २००१ च्या एकोज या अल्बमवर बेस्ट ऑफ असं लिहिलंय, पण त्यात १९६७ पासून १९९४ पर्यंतची २६ गाणी वर्षांचा क्रम मोडून एकात एक मिसळलीत, रेडिओवर न वाजणारी लांबलचक पण आहेत. आधी प्रसिद्ध झालेलीच गाणी, तरी नजर अख्ख्या प्रवासावर.

आता प्रत्यक्ष कामाचं. बेस्ट ऑफला सगळं तयार असतं, वेगवेगळ्या वर्षांच्या रेकॉर्डिंगचा आवाज कमीजास्त असतो तो मास्टरिंगमध्ये सारखा करायचा आणि क्रम लावायचा. अँथॉलॉजीला आधी शोधाशोध. आमच्याकडे २००४ च्या प्रॅक्टिसची एक कॅसेट सापडली, टू-इन-वनवर टेप केलेली. ती लावली तर सगळं रजईतून आल्यासारखं, झांजा ऐकूच येईनात. मग डेकच्या हेडजवळचा (हेड म्हणजे टेप वाचणारा भाग) छोटा स्क्रू अगदी केसभर केसभर फिरवत गेलो, ज्या मशीनवर टेप झाली त्याचं हेड थोडं तिरकं असणार, त्या तिरकेपणाला आपलं हेड जुळलं की झटकन आवाज उघडतो, आणि उघडलाच, हाय-हॅट (ड्रमची झांजांची जोडी) लख्ख. एक लक्षात ठेवा, अशी सगळे आवाज एकत्र मिक्स झालेली टेप नुसती रिमास्टर होते, म्हणजे अख्ख्या आवाजावर हात फिरवता येतो. रिमिक्सला गिटार, ड्रम, गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर लागतात, ते नसतील तर विषय संपला. (आता सॉफ्टवेअर आवाज वेगळे काढून देतं, पण आमच्या टेपवर गळा पाण्याखाली गेल्यासारखा झाला, सोडून दिलं.)

हक्कांचं पण बघा. कंपनीने खर्च करून केलेलं रेकॉर्डिंग सहसा कंपनीच्या मालकीचं असतं, त्यामुळे कित्येकदा बेस्ट ऑफ कंपनीच काढते आणि बँडला नुसतं कळवते. घरच्या टेपा बँडकडेच असतात, म्हणून अँथॉलॉजीत बँडचा शब्द जास्त चालतो.

तर त्या कॅसेटचं. प्रॅक्टिस पूर्व भागात एका यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत व्हायची, आणि पूर्ण टेपभर मागाची खटखट आहे. गिटारवाला म्हणाला ती काढून टाकू, लोकांना काय वाटेल. बेस्ट ऑफ असता तर त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. पण अण्णांनी हेडफोन लावून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, नीट ऐक, मी तेव्हा त्या मागाच्या ठेक्यावरच वाजवत होतो. खरंच, पहिल्या कडव्याला ड्रम मागाला धरून जातो, आणि तिसऱ्या मिनिटाला शिफ्ट सुटून माग थांबतो तेव्हा बँड चक्क ढेपाळतो, दोन मात्रा इकडेतिकडे होतात, मग पुन्हा सावरतो. गिटारवाल्याने काही न बोलता ती फाइल क्रमात पहिली ठेवली.