लाईन तीनदा गेली, फोटो जागेवरच

परवा वादळ सुटलं आणि आमच्याकडे लाईन गेली, आली, पुन्हा गेली. पंधरा मिनिटांत तीनदा. कोपऱ्यातला डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला जुना डेस्कटॉप, म्हणजे आमचा घरचा सर्व्हर, तीनदा धाडकन बंद पडला. चौथ्यांदा सुरू होताना काळ्या पडद्यावर एक ओळ आली: 'रिकव्हरिंग जर्नल'.

भाचा म्हणाला, "मामा, डिस्क उडाली वाटते. बटण दाबू का?"

"हात नको लावू. तो हिशोब लावून राहिला."

तो हिशोब म्हणजे काय, ते नागपूरच्या इतवारी बाजारातल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला लगेच समजेल. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग सवडीने खातेवहीत चढवायचा. लिनक्सची ईएक्सटी4 ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे ते सांभाळणारी व्यवस्था, हेच करते. जर्नल म्हणजे तिची रोजकीर्द.

एक फोटो डिस्कवर ठेवायला निदान तीन ठिकाणी नोंदी बदलाव्या लागतात: फोल्डरच्या यादीत नाव, फाइलचा तपशील ठेवणारा आयनोड, आणि डिस्कचे कोणते ब्लॉक, म्हणजे खाने, भरले याचा नकाशा. दोन नोंदी झाल्या आणि लाईन गेली, तर नकाशा म्हणतो जागा रिकामी, फाइल म्हणते माझी. उद्या तीच जागा दुसऱ्या फाइलला मिळते आणि दोन्हींचा चिवडा होतो. म्हणून तिन्ही बदललेले ब्लॉक आधी जर्नलमध्ये लिहायचे आणि खाली 'कमिट'ची, म्हणजे व्यवहार पुरा लिहून झाल्याची, खूण करायची. खऱ्या जागी ते नंतर जातात. पुन्हा सुरू होताना मशीन जर्नल वाचतं. खूण असलेला व्यवहार खऱ्या जागी उतरवतं, खूण नसलेला सोडून देतं.

मला खरी आवडते ती पुढची गोष्ट. हे उतरवणं चालू असतानाच लाईन पुन्हा गेली तर? काही बिघडत नाही. जर्नलमध्ये 'जुन्या आकड्यात 50 मिळवा' असं लिहिलेलं नसतं, 'या खान्यात 350 लिहा' असं असतं. 50 तीनदा मिळवले तर घोळ होईल, 350 तीनदा लिहिले तरी 350 च राहतात. शिवाय सगळं उतरवून झाल्याशिवाय जर्नल पुसलं जात नाही. ईएक्सटी घराण्यात ही सोय 2001 साली ईएक्सटी3 बरोबर लिनक्समध्ये आली. त्याआधी ईएक्सटी2 च्या काळात अशा वेळी अख्खी डिस्क तपासत बसावं लागे. जर्नल असलं की बहुतेक वेळा काही सेकंदांत भागतं.

पण 'क्रॅशप्रूफ' वगैरे जाहिरातीतल्या शब्दांवर जाऊ नका. नेहमीच्या ऑर्डर्ड पद्धतीत जर्नलमध्ये फक्त नोंदी जातात, फोटोतला मजकूर नाही. तो थेट आपल्या जागी लिहिला जातो, आणि ते झाल्यावरच नोंदींचं कमिट होतं. त्यातून 'सेव्ह' दाबलेलं सुमारे अर्धा मिनिट रॅममध्येच बसून राहू शकतं. एफसिंक मागणारे प्रोग्राम, म्हणजे बहुतेक डेटाबेस, तेवढं थांबत नाहीत, लगेच डिस्कवर उतरवून घेतात. आपण टर्मिनलवर 'सिंक' लिहून एंटर मारायचं, प्रॉम्प्ट परत आला की मग पेनड्राइव्ह काढायचा. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा 'रिफ्रेश' मारणारी मंडळी आमच्या ऑफिसात अजून आहेत. त्याने डिस्कवर काही उतरत नाही आणि मशीनही पळत नाही. त्यापेक्षा सर्व्हरला लिंबू-मिरची बांधा, निदान दिसायला बरं.

डिस्क माउंट करताना, म्हणजे सिस्टीमला जोडताना, 'नोबॅरिअर' लावून (म्हणजे लिहिण्याचा क्रम पाळायची सक्ती काढून) वेग वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कमिटची खूण आधीच्या पानांच्या अगोदर डिस्कवर पोचली तर रोजकीर्दच खोटी ठरते. आणि जुना लॅपटॉप पडला असेल, बॅटरी फुगलेली नसेल, तर सर्व्हरसाठी तोच घ्या. यूपीएस फुकटात मिळतो.

आमच्याकडे इन्व्हर्टर असूनही मशीन पडलं कसं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण आहे. नॉर्मलवर बॅटरीकडे वळायला जो क्षण लागतो तो पंख्याला कळतही नाही, पण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जेमतेम 15-20 मिलिसेकंद तग धरतो. आमचं बटण नॉर्मलवर होतं, वर बोटभर धूळ.