पीतज्वराची लस आणि पिवळी पुस्तिका : आफ्रिका, दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाआधी हे बघा

केनिया, नायजेरिया, युगांडा, इथिओपिया, ब्राझील, पेरू... यांपैकी कुठेही जाणार असाल, तर व्हिसाच्या जोडीला पीतज्वराच्या (यलो फिव्हरच्या) लशीचंही बघायला लागा. लस घेतल्याचा दाखला म्हणजेच पिवळी पुस्तिका. हा दाखला फक्त तिकडे उतरताना दाखवायचा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. गाडं अडतं ते परत येताना. बाधित, म्हणजे पीतज्वराचा धोका असलेला, देश सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत दाखल्याशिवाय भारतात उतरलात, तर विमानतळावरचे आरोग्य अधिकारी तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पासपोर्ट भारतीय आहे, घर अंधेरीला आहे, असं सांगून सुटका होत नाही.

एवढी कडक शिस्त का? भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास इथे घरोघरी आहे. डेंगीचा डास तोच. ही धास्ती इंग्रजांच्या काळापासूनची. पनामा कालवा 1914 साली खुला झाला. त्याआधीच सरकारला काळजी लागली होती की तिकडची जहाजं आता थेट आशियाच्या बंदरांत येतील आणि रोगही बरोबर आणतील. म्हणून इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर एस. पी. जेम्स यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला धाडलं गेलं. 1896 चा प्लेग भोगलेल्या मुंबईला बंदरावरची तपासणी कशाला, हे वेगळं पटवून द्यायची गरज नव्हती. आजचा कारभार चालतो तो विमानांसाठी 1954 च्या आणि बंदरांसाठी 1955 च्या नियमांवर. जहाजावर नोकरी करणाऱ्या कोकणातल्या पोरांनी एक लक्षात ठेवावं: येण्याआधीच्या 30 दिवसांत जहाज बाधित बंदराला लागलं असेल आणि त्यावर रीतसर डासनाशक फवारणी झालेली नसेल, तर दाखला नसलेल्यांना विलगीकरण लागू होतं.

लस केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत बंदर आरोग्य संघटना आणि विमानतळ आरोग्य संघटना आहेत, गोव्यात मुरगाव बंदरावर. बाकीच्या शहरांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळेल. आधी नंबर लावावा लागतो. एका कुपीत अनेक जणांचे डोस असतात आणि कुपी फोडली की सहा तासांत संपवावी लागते, त्यामुळे केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. शिवाय दाखला लागू होतो तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी. आदल्या आठवड्यात धावपळ करून काही हाती लागत नाही. महिनाभर आधी हालचाल करा.

सोबत मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि नंबर लावल्याची पावती न्या. खलाशी असाल तर सीडीसी (जहाजावरच्या नोकरीचं नोंदपुस्तक) ही ठेवा. वय साठच्या पुढे असेल किंवा जुनाट आजार असेल, तर आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमसचा (छातीतल्या एका ग्रंथीचा) विकार, प्रतिकारशक्ती खालावलेली असणं किंवा ती दाबणारी औषधं चालू असणं, यांपैकी काही असेल तर टोचण्याआधीच सांगा. लस जिवंत विषाणूची आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती सहसा देत नाहीत.

पुस्तिका हातात पडली की तिथेच उभं राहून तपासा. नाव आणि नंबर पासपोर्टप्रमाणे आहे का, लशीचा बॅच नंबर आहे का, तारीख बरोबर आहे का? डॉक्टरांची सही हाताने केलेली हवी, नुसता शिक्का चालत नाही. खाडाखोड असेल तर लगेच नवी मागून घ्या, कारण खाडाखोडीमुळे दाखला बाद ठरू शकतो. घरी आल्यावर स्वतः पेनाने काही दुरुस्त करायला जाऊ नका.

अदिस अबाबासारख्या ठिकाणी फक्त विमान बदलणार असाल आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसाल तर सूट आहे, पण तशी खात्री इथल्या आरोग्य अधिकाऱ्याला पटावी लागते. दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा.

जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी घाबरू नका. 11 जुलै 2016 पासून हा दाखला जन्मभर चालतो आणि त्याआधी दिलेल्यांनाही हा नियम लागू आहे.